जोंधळ्याची भावंडं

दर वर्षी ज्येष्ठ सरत आला की मंगळवेढ्याहून माझ्या धाकट्या भावाचा फोन येतो. मुलं कशी आहेत, पाऊस किती झाला, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला. "अक्का, चौदा नंबर फुलला का गं?"

चौदा नंबर म्हणजे एक पुरचुंडी. जुन्या धोतराच्या फडक्यात मूठभर जोंधळे, वर सुतळीची गाठ, गाठीत अडकवलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर शिसपेन्सिलीने घातलेला आकडा. पेनने लिहू नकोस हे मीच त्याला सांगितलं होतं. गोव्यातल्या आमच्या साखळी गावात पावसाळी हवेत शाई पसरते, शिसपेन्सिल राहते. अशा वीस-बावीस पुरचुंड्या मे महिन्यात एका पिशवीतून बेळगावमार्गे चोर्ला घाट उतरून माझ्याकडे येतात. त्या दिवसांत गोव्यात घरोघर पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा. माझ्या पुरुमेंतात या पुरचुंड्या असतात. चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर, एका दांडीला ओळीने टांगलेल्या.

प्रत्येक पुरचुंडीत एकेका कणसाचे निम्मे दाणे असतात. उरलेले निम्मे भावाकडे, त्याच आकड्याच्या पुरचुंडीत, राखेत घोळून मडक्यात ठेवलेले. मी माझ्या वाटणीचे दाणे भाजून लाह्या फुलवते, मोजते आणि त्याला आकडा कळवते. ज्या कणसाच्या लाह्या चांगल्या, त्याचे त्याच्या मडक्यातले दाणे तो हस्त नक्षत्राच्या सुमारास पेरतो. बाकीच्यांची भाकरी होते. गेली अकरा वर्षं आमचं हे चाललंय.

लोकांना वाटतं, लाहीला काय लागतं? कढई तापवायची, ज्वारी टाकायची. पण वाण्याकडची भाकरीची ज्वारी तापल्या कढईत टाकून बघा. थोडे दाणे फुटतील, थोडे नुसतेच तडकतील, आणि बरेचसे लालसर होऊन तळाशी बसतील. हे बसलेले दाणे म्हणजे गणंग. आमच्या घरी लाह्यांसाठी जोंधळाच वेगळा असायचा. शेत सगळं मालदांडीचं, पण बांधाकडची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, आजीच्या हट्टाखातर लाही जोंधळ्याची. दाणा बारीक, गोल, दाताखाली कचकन वाजणारा. आमच्या सीमेपलीकडे, कानडी मुलुखातही असा लाह्यांचा वेगळा जोंधळा आहे, त्याला ते अळ्ळिन जोळ म्हणतात. पंचमीला त्या लाह्या दळून त्यांचं पीठ गुळातुपाशी खायची रीत तिकडे आहे. म्हणजे जोंधळ्याची पारख दोन्ही भाषांतल्या बायकांनी करून ठेवलेली होती, कोणत्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी.

आमच्याकडे नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून लाह्या आदल्या दिवशीच होत. आदला दिवस म्हणजे नागचतुर्थी, भावाचा उपवास. आजी जोंधळ्यांवर उकळतं पाणी शिंपडायची, ते फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायची आणि सकाळी जरा वारं लावून कढईत टाकायची. हातात फडक्याचा बोळा. त्या बोळ्याने दाणे दाबत, फिरवत राहायचं, की कढईभर पांढरं फुलून येई. उपाशी पोटी मी तिच्याशेजारी बसून मोजत असे, आणि भाऊ सुपातल्या लाह्या पळवत असे. उपवास मी त्याच्यासाठी करायचा आणि लाह्या त्याने खायच्या, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो दिवसच त्याचा होता.

पुढे मी शेतीशास्त्रच शिकले. शिक्षण संपल्यावर दोन रब्बी हंगाम एका ज्वारी संशोधन केंद्रावर मदतनीस म्हणून होते. लाही का फुटते हे तिथे नीट कळलं.

जोंधळ्याचा दाणा कापला की आत दोन प्रकारचा गर दिसतो. मध्यभागी पिठूळ, पांढरा, ठिसूळ. भोवती काचेसारखा कडक, किंचित पारदर्शक. लाही होते ती या कडक गराची. दाण्यात मुरलेलं पाणी तापतं, पण साल आणि कडक गर मिळून त्याला बाहेर जाऊ देत नाहीत. पाण्याची वाफ व्हायची ती होत नाही, दाब चढत राहतो, आतला स्टार्च शिजून मऊ होतो. मग एका क्षणी साल हार मानते. दाब एकदम सुटतो, पाण्याची वाफ होते, मऊ स्टार्चचा फेस होतो आणि तो फेस बाहेरच्या हवेत तिथल्या तिथे वाळतो. लाही म्हणजे आतून बाहेर उलटलेला दाणा. एखादी लाही चिमटीत धरून उजेडात पाहिली तर मधोमध सालीचा तपकिरी कपचा दिसतो आणि त्याच्या भोवती पांढऱ्या पाकळ्या. त्या पाकळीत सूक्ष्म बुडबुडे असतात, म्हणून ती जिभेवर विरघळते.

साल फार पातळ किंवा फुटकी असेल तर वाफ आधीच निसटते. गर पिठूळ असेल तर दाब धरत नाही. पाणी कमी असेल तर दाब चढतच नाही, जास्त असेल तर साल मऊ पडते आणि लाही खुरटी राहते. मक्याच्या लाहीला दाण्यात तेरा-चौदा टक्के ओल लागते असं शास्त्र सांगतं, ज्वारीचंही गणित त्याच्याच आसपासचं किंवा थोडं वरचं. आजीचं उकळतं पाणी आणि रात्रभरची पुरचुंडी म्हणजे ही ओल दाण्यात सारखी मुरवण्याची युक्ती होती. तिला टक्के ठाऊक नव्हते. मूठ दाबून बघून ती सांगायची, "अजून घोटभर घाल."

हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. जगभरचे जोंधळे तिथे गोळा झाले. आज तिथल्या जनुकपेढीत, म्हणजे बियाणं जपून ठेवायच्या कोठारात, ज्वारीचे ४० हजारांच्या आसपास नमुने आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांतले साडेतीन हजारांवर नमुने लाह्यांसाठी भाजून पाहिले, तर खरोखर चांगले म्हणावेत असे चाळीससुद्धा निघाले नाहीत. निघाले त्यांचं वर्णन वाचताना मला आजीचं सूप डोळ्यांसमोर आलं. दाणा लहान, गर कडक, साल मध्यम जाडीची, आणि गराच्या मानाने अंकुर अगदी छोटा.

इथेच लाहीची आणि भाकरीची वाट वेगळी होते. भाकरीला माणसं टपोरा, मोत्यासारखा चमकणारा दाणा मागतात. मंगळवेढ्याची मालदांडी त्यासाठीच नावाजलेली. १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला, आणि आजही रब्बी ज्वारी म्हटली की शेतकऱ्याच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं. पुढे १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला आणि खरिपात उत्पन्नाची शर्यत सुरू झाली. दाणा मोठा, कणीस भरदार, क्विंटल जास्त. या मोजमापात लाही कुठेच नव्हती. मी कुणाला दोष देत नाही. देशाला धान्य हवं होतं आणि लाही काही पोटभरीचं अन्न नव्हे. पण प्रत्येक पिढीत मोठा दाणा निवडत गेलं की कडक, बारका दाणा आपोआप मागे पडतो. मी एकदा तराजूवर घालून पाहिलं होतं. मालदांडीचे शंभर दाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरले, आमच्या लाही जोंधळ्याचे दोन. उत्पन्नाच्या तक्त्यात दोन ग्रॅमवाल्याला कोण उभं करणार?

म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी वाण काढला आणि त्याला 'फुले पंचमी' नाव दिलं, तेव्हा मला माझ्याच घरातल्या कुणाचं बारसं झाल्यासारखं वाटलं. हुरड्यासाठी 'फुले मधुर', पापडासाठी 'फुले रोहिणी', लाह्यांसाठी 'फुले पंचमी'. वाण काढताना ताटात काय पडणार याचा विचार करणारी माणसं आपल्याकडे आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता लाहीसाठी वाण काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगते, कारण माझ्या मनाला जे लागून राहिलं ते त्यातच आहे.

ज्वारीचं फूल एवढंसं असतं. डिसेंबरातल्या दुपारी कणसासमोर स्टुलावर बसायचं, चिमट्याच्या टोकाने एकेका फुलाचं तूस उघडायचं आणि आतले तीन परागकोश काढून टाकायचे. तीनच, पण एकही फुटता कामा नये. कणीस वरून खाली फुलत येतं, म्हणून वरची फुलून गेलेली फुलं कापायची, खालची कोवळी कापायची आणि मधला एक पट्टा ठेवायचा. त्या पट्ट्यातली पन्नास-साठ फुलं अशी रिकामी करायची आणि कणसावर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं उतरलं की, निवडलेल्या नराचे पराग आणून त्या फुलांवर झटकायचे आणि पुन्हा पिशवी बांधायची. बोटं गारठ्याने बधिर होत. दोन महिन्यांनी त्या पट्ट्यावर चाळीसेक दाणे धरले तर आम्ही खूष.

आमच्या संकरात आई होती मालदांडीच्या गोतातली, टपोरी. बाप एका खेड्यातून आणलेला लाही जोंधळा. मनात इच्छा अशी की उत्पन्न आईचं यावं आणि फुलणं बापाचं.

पण दाण्याची घडण मोठी गुंतागुंतीची आहे. दाण्याची साल ही आईच्या शरीराचाच भाग असते. बापाचा तिला स्पर्शही नसतो. आतल्या गरात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. अंकुरात दोघांचा सारखा. म्हणजे संकर केल्या वर्षी जो दाणा हाती येतो त्याची साल अजून निव्वळ आईची असते. तो पेरला, त्याचं झाड झालं, त्याला कणीस आलं, की त्या कणसावरच्या सगळ्या दाण्यांची साल एकसारखी, पण आतला गर प्रत्येकाचा निराळा. एकाच आईच्या हातची अंगडी घातलेली शंभर भावंडं, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कढईत टाकली की एक भाऊ फुलतो आणि त्याच्याच शेजारचा गणंग राहतो.

आणि जो फुलला तो गेला. लाही पेरता येत नाही. ज्याला पेरायचं त्याला भाजून बघता येत नाही. उंची मोजता येते, कणीस तोलता येतं, दाण्याचा रंग पाहता येतो आणि तरी दाणा जिवंत राहतो. फुलणं मात्र दाणा मेल्याशिवाय कळत नाही. म्हणून कणसातले अर्धे दाणे भाजायचे, त्या भावंडांनी जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवायचा आणि उरलेले पेरायचे. मग पुढच्या पिढीत पुन्हा अर्धे भाजायचे. असं पाच-सहा पिढ्या केलं की भावंडं एकमेकांसारखी होत जातात आणि साक्षीवर भरवसा ठेवता येतो.

दुसऱ्या हंगामात दुसऱ्या पिढीची कणसं आली. दीडशेवर पुरचुंड्या, आणि भाजायचं काम माझ्याकडे. शंभर दाणे मोजायचे, पाणी मुरवायचं, तापमान बघायचं, भाजायचं, फुललेले मोजायचे, आणि एका पेल्याच्या लाह्या किती पेले झाल्या ते लिहायचं. दोन दिवस मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच करत होते. सत्तेचाळीस नंबर टाकला आणि मी थबकले. कढईत गणंग जवळजवळ उरलाच नाही. शंभरातले ब्याण्णव फुलले होते, आणि लाही अशी की मोगऱ्याची कळी उमलावी. दाणा तर आईसारखा बऱ्यापैकी भरलेला होता. मी पळत जाऊन सगळ्यांना बोलावलं. खात्री करायला पुन्हा शंभर भाजले. नव्वदच्या वर. कुणी म्हणालं, अजून एकदा ओल कमी करून बघू. पुन्हा शंभर. कुणी चव बघितली, कुणी मोठ्या साहेबांना दाखवायला वाटीभर मागितल्या. त्या आनंदात मी पुरचुंडी उलटी करून उरलेसुरले दाणेही कढईत टाकले, कारण बियाण्याची निम्मी वाटणी कोठारात आहे असं माझ्या मनात पक्कं होतं.

कोठारात सत्तेचाळीसची वाटणी नव्हती. ते कणीस लहान होतं, दाणे थोडे होते, म्हणून मळणीच्या वेळी ते वाटलंच गेलं नव्हतं. सगळे दाणे माझ्याकडेच आले होते. पुरचुंडीवर तशी खूण करायची राहिली होती, आणि मी भाजण्याआधी वही उघडून बघितली नव्हती. वहीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी त्या संध्याकाळी सूप घेऊन अंगणात बसले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाह्या सांडल्या होत्या आणि चिमण्या त्या टिपत होत्या. मी एकेक गणंग निवडून घेतला. पंधरा-वीस मिळाले. ओल्या टिपकागदात घालून आठवडाभर रोज बघितले. एकालाही मोड आला नाही. येणारच नव्हता, मला माहीत होतं.

तिथले वरिष्ठ मला रागावले नाहीत. त्यांनी नकाशा काढला आणि सत्तेचाळीसच्या ओळीतली बाकीची झाडं दाखवली. "ही सगळी त्याची भावंडं. यांच्यात शोध." आम्ही ती कणसं भाजली. चांगली होती, साठ, पासष्ट, एक बहात्तर. ब्याण्णव पुन्हा दिसलं नाही. फुलणं एका जनुकाचं काम नाही. सालीची जाडी, गराचा कडकपणा, अंकुराचा आकार, अशी पत्त्यांची कितीतरी पानं एका हातात एकदम यावी लागतात. ती पुन्हा तशीच यायला हजारो झाडं लावावी लागली असती. त्या वर्षी पैसे संपले, काम थांबलं, माझं लग्न ठरलं.

लग्नात लाजाहोम असतो. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. त्या भाताच्या लाह्या असतात. माझ्या धाकट्याने माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून. ते होतंच. पण ओंजळीतून पांढरं काही आगीत पडताना मला त्या दुपारची कढई दिसत होती.

गोव्यात आले ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्या नागपंचमीला इथल्या घरात हळदीच्या पानांचा वास दरवळत होता. इथे पंचमीला पातोळ्या करतात, हळदीच्या पानात तांदळाचं पीठ लावून, आत चून, म्हणजे गूळखोबरं, भरून वाफवलेल्या. नागोबापुढे दूध आणि लाह्या ठेवायच्या, त्या भाताच्या. मी माहेरून आणलेले लाही जोंधळे काढले, आजीसारखंच उकळतं पाणी शिंपडलं, रात्रभर बांधून ठेवले. सकाळी कढईत टाकले तर अर्ध्याहून जास्त गणंग. फुलले तेही खुरटे. मला वाटलं, जोंधळा बाटला. शेजारी मालदांडीचं रान, ज्वारीत परपराग थोडा का होईना होतोच, दोन तासांचा लाही जोंधळा किती वर्षं शुद्ध राहणार?

सासूबाई कढईपाशी आल्या. त्यांनी जन्मात कधी जोंधळ्याची लाही केली नव्हती. कारण गोव्यात जोंधळा पिकतच नाही. भात पिकतं, डोंगर उतारावर नाचणी. त्यांनी कच्चा दाणा दाताखाली धरला, चावला आणि म्हणाल्या, "अगो, आदीं सुकय, मागीर उदक." आधी वाळव, पाणी नंतर.

किती साधं होतं! सोलापूरकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. गोव्यात तीन हजारांच्या घरात. मंगळवेढ्याच्या श्रावणात कोरड्या दाण्याला पाणी पाजावं लागतं. साखळीच्या श्रावणात हवाच दाण्याला पाणी पाजून ठेवते, आणि मी त्यावर आणखी शिंपडत होते. त्या वर्षापासून मी जोंधळे चुलीवर टांगायला लागले. भातालाही त्या तेच करायच्या. भाताच्या लाहीत वाफ कोंडून धरण्याचं काम टरफल करतं. दोन्ही बाजूंची टरफलं एकमेकांत घट्ट अडकलेली असली तर भात फुलतं, सैल असली तर नाही. "सगळं भात लाहीला येत नाही," हे त्या नेहमी म्हणत. कुठल्या मळ्यातलं येतं, कुठल्या नाही, हे त्या दाणा हातात घोळवून सांगत. आमच्या दोघींची ओळख खरी तिथून झाली. सून तर मी त्याच्या आधीच झाले होते.

वाळवलेल्या दाण्यांनी दुसऱ्या खेपेला सत्तर टक्क्यांच्या पुढे फुलून दाखवलं. म्हणजे वाण पुरता बाटला नव्हता. मी भावाला फोन केला आणि सत्तेचाळीस नंबरची सगळी हकीकत त्याला पहिल्यांदा सांगितली. तोवर मी ती कुणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बांधाकडची दोन तासं अजून आहेत की. त्यातली शंभर कणसं वेगवेगळी काढतो. तू भाज, मी पेरतो."

आम्ही संकर करत नाही. तो रानात एकटा माणूस आहे, चिमटा घेऊन बसायला त्याला वेळ नाही. घरच्या जोंधळ्यातच जो फरक पडलाय त्यातून निवडतो, बस्स. फुलोऱ्याआधी तो निवडक कणसांवर कागदाच्या पिशव्या बांधतो, म्हणजे शेजारच्या मालदांडीचे पराग आत शिरत नाहीत. पहिल्या वर्षी शंभर कणसं आली, त्यांतली बावीस ठेवली. मग बावीसची पुढची पिढी. आता जी वीस-बावीस येतात ती सगळी त्यांचीच लेकरं. माझी वही जाडजूड झालीय. प्रत्येक पानावर नंबर, त्याच्या आईचा नंबर, वजन, शंभरातले किती, एका पेल्याचे किती पेले. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'शिल्लक' नावाचा एक चौकोन, त्यात भावाकडे किती दाणे उरलेत ते त्याला विचारून भरलेलं. तो चौकोन भरल्याशिवाय मी कढई चुलीवर ठेवत नाही.

हे माझ्या स्वयंपाकघरातलं काम आहे, त्यातून विद्यापीठाच्या तोडीचा वाण निघणार नाही हे मला कळतं. तिथे पाच-सहा ठिकाणी चाचण्या होतात, रोग बघतात, खोडमाशी बघतात, कडब्याचं वजन करतात. ते त्यांनीच करावं. पण एक गोष्ट मला बोलायची आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून इथे पणजी-म्हापशाच्या दुकानांतही ज्वारीच्या कुरकुरीत खाऊची पाकिटं दिसायला लागली. मी दोन-चार घेऊन बघितली. त्यांतली बरीचशी पिठापासून यंत्रातून दाबून काढलेली. त्याला वाण कुठलाही चालतो, कारण दाण्याला स्वतः काही करायचंच नसतं. ज्वारी लोकांच्या तोंडी येतेय हे चांगलंच आहे. पण फुलण्यासाठी दाणा निवडायची जी पारख होती ती अशा पाकिटांनी टिकायची नाही. ती टिकेल ती कुणीतरी कढईपाशी बसून मोजलं तर. म्हणून लाहीच्या वाणाला पैसे मिळावेत, बियाणं शेतकऱ्यापर्यंत पोचावं, आणि बांधाकडची दोन-दोन तासं कुठे कुठे उरली आहेत ती जनुकपेढीत जावीत, असं मला फार मनापासून वाटतं. आमच्या मुलुखात मी लहानपणी ओळखत होते त्यांतल्या पाच घरी लाही जोंधळा असायचा. आता आमचं एक.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना दिसत कमी होतं, पण मी भाजायला बसले की त्या पाटावर येऊन बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत. दाणे एकाआड एक टाळी वाजवल्यासारखे फुटले तर "हो बरो," म्हणजे हा चांगला. रेंगाळत, पुटपुटत फुटले तर मान हलवत. वही आणि त्यांचा कान यांत क्वचितच फरक पडला.

या वर्षी चौदा नंबर मी परवा भाजला. बाहेर वाळवंटी नदी दुथडी भरून चाललीय, तीन दिवस ऊन नाही. पुरचुंडी चुलीवरून काढली, दाणा दाताखाली धरला, कडक होता. वहीत 'शिल्लक' बघितलं: 'मूठभर'. शंभर दाणे मोजले. पाणी शिंपडून रात्रभर बांधले. सकाळी कढई तापली, पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत गेला, मग दाणे टाकले आणि बोळा फिरवायला लागले. आधी काहीच नाही. मग एक, दोन, आणि नंतर मोजता येईना इतके भराभर.

सुपात पसरून मोजले. अठ्ठ्याऐंशी.

आणखी शंभर भाजून बघावेत असं हाताला वाटत होतं. मी पुरचुंडीची गाठ पुन्हा मारली, पुठ्ठा नीट अडकवला आणि ती दांडीला टांगली. मग भावाला फोन लावला. तो कडब्याची गंजी झाकत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. आकडा ऐकल्यावर त्याने पहिलं विचारलं, "सगळा भाजला नाहीस ना?"

"नाही रे," म्हटलं. "तुझ्याकडचा जपून ठेव. आणि मडक्याचं तोंड बांध, उंदीर आहेत."